पारध्याची विद्या आणि समाजाची सज्जता



हिवाळ्याच्या रात्री आभाळात मृग नक्षत्र स्पष्ट दिसते. चार ताऱ्यांचे पाय, मध्ये रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण आणि त्या बाणाच्या रेषेत पाठीमागे लखलखणारा व्याध. त्याच मृगाच्या नावाने जून महिन्यात आपला शेतकरी पेरणीचे दिवस मोजतो. आपल्या पूर्वजांनी हरिणाला आकाशात नेले, तेव्हा त्याच्यामागे असलेल्या शिकाऱ्यालाही तेथे नेले आणि साऱ्या आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा त्याच्या नावे केला. महाभारताच्या वनपर्वात तर कौशिक नावाच्या तपस्वी ब्राह्मणाला धर्म समजून घेण्यासाठी मिथिलेच्या बाजारात मांस विकणाऱ्या एका व्याधापुढे जाऊन बसावे लागले. परंपरा त्याला ‘धर्मव्याध’ म्हणते.

आकाशात आणि ग्रंथात व्याधाला मानाची जागा देणाऱ्या या समाजाने भूमीवरच्या व्याधाला मात्र गावकुसाबाहेर ठेवले. इंग्रजांनी त्याच्या कपाळावर गुन्हेगारीचा शिक्का मारला आणि स्वतंत्र भारताच्या कायद्याने, योग्य कारणासाठीच का होईना, त्याची शिकार बंद केली. आजचा प्रश्न त्यापुढचा आहे. शिकार संपल्यावर शिकाऱ्याच्या विद्येचेही प्रयोजन संपते काय? की तीच विद्या, तिच्यामागच्या श्रद्धेसह, समाजाच्या रक्षणाला आणि त्या जमातीच्या स्वावलंबनाला उपयोगी पडू शकते? या प्रश्नाचे उत्तर कल्पनेने देण्याची गरज नाही. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर ते उत्तर १९७८पासून उभे आहे. तेथे जाण्यापूर्वी आपल्या घरची गोष्ट समजून घेणे आवश्यक आहे.

फाशामागचे शास्त्र

महाराष्ट्रात पारधी समाजाच्या अनेक शाखा आहेत. गावपारधी, टाकणकार, राजपारधी, गायपारधी, चित्तेवाले पारधी आणि फासेपारधी. यातील पुष्कळ नावे साधनावरून किंवा कामावरून पडली आहेत. गायपारधी शिकवलेली गाय पुढे चालवीत तिच्या आडून हरणाच्या कळपाजवळ जात असे. टाकणकार जात्याला टाके घालून देत असे. फासेपारध्याचे सारे आयुष्य एका दोरीभोवती विणलेले होते.

ही दोरी म्हणजे जनावराच्या तातीचे किंवा घोड्याच्या केसांचे वळलेले फासे. एका लांब दोराला ठरावीक अंतरावर ते बांधायचे, खुंट्यांनी जमिनीलगत ताणायचे आणि काळवीट ज्या वाटेने जाईल तेथे मांडायचे. तित्तर-लाव्यांसाठी फासे वेगळे, त्यांची उंची वेगळी. पाळलेला तित्तर पिंजऱ्यात ठेवून त्याच्या हाकेवर रानातल्या तित्तरांना बोलवायचे किंवा स्वतःच्याच गळ्यातून तो आवाज काढायचा. एवढ्याच सामग्रीवर हा समाज पिढ्यान्‌पिढ्या जगला. ज्यात खर्चिक असे काही नाही, जे तुटले तर रानातच पुन्हा वळता येते आणि जे पाठीवर टाकून दहा कोस चालता येते, असे हे साधन.

परंतु दोरी म्हणजे विद्या नव्हे. फासा कोणीही वळू शकेल. तो कोठे मांडायचा हे ज्याला कळते तो पारधी. जनावर पाणी कोठे पिते, कोणत्या वाटेने परतते, वारा कोणत्या बाजूने आहे, दवावर उमटलेला खूर रात्रीचा की पहाटेचा, कळपात गाभण मादी आहे काय, हे सारे जमिनीवर लिहिलेले असते. ती लिपी वाचता येणे हीच खरी विद्या.

चित्तेवाल्या पारध्यांचे उदाहरण या दृष्टीने विचार करण्यासारखे आहे. राजेरजवाड्यांसाठी ते रानातला चित्ता जिवंत धरीत. चित्त्याच्या वेगामागे धावणे माणसाला शक्य नाही. पारध्याने हे ओळखले होते की चित्ते काही ठरावीक झाडांपाशी पुनःपुन्हा येतात, तेथे खोड ओरखडतात, खुणा करतात. त्या झाडाभोवती तो तातीचे फासे मांडी आणि स्वस्थ बसे. अलीकडच्या काळात नामिबियातील अभ्यासक चित्त्यांना पकडण्यासाठी अशाच झाडांपाशी पिंजरे ठेवतात. २०२२च्या सप्टेंबरात कुनोच्या जंगलात चित्ते आले ते याच नामिबियातून. परदेशी शास्त्रज्ञाने परिश्रमपूर्वक नोंदवलेले हे निरीक्षण आपल्या अक्षरशून्य पारध्याच्या डोक्यात शेकडो वर्षे होते. आज जंगलात वाघ मोजण्यासाठी वाटेवर आपोआप छायाचित्र घेणारे कॅमेरे लावतात. त्यांना ‘कॅमेरा ट्रॅप’ म्हणतात. ट्रॅप म्हणजे सापळाच. साधन बदलले, पण जनावर कोणत्या वाटेने येईल हा मूळ प्रश्न तोच राहिला.

देवीची मर्यादा

या विद्येला दुसरी बाजू आहे आणि ती पहिलीपेक्षा मोलाची आहे. पारधी समाज देवीचा भक्त. विसाव्या शतकाच्या आरंभी मध्य प्रांतातील जातीजमातींचे वर्णन करणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्याने नोंदवून ठेवले आहे की, पारध्यांजवळ देवीच्या चांदीच्या प्रतिमा असत. देवी चांदीची, म्हणून पारधी स्त्री कमरेखाली चांदीचा दागिना घालीत नसे. ज्याच्या पालाला दार नाही आणि ज्याच्या नावे वावभर जमीन नाही, त्या कुटुंबाने सर्वांत मोलाची वस्तू देवीच्या रूपात जपली आणि तिच्यापायी स्वतःच्या नित्याच्या वागण्याला बांध घातला.

हा बांध शिकारीलाही होता. पुण्याचे माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा या अभ्यासकांनी पश्चिम महाराष्ट्रातील भटक्या जमातींच्या शिकारपद्धतींचा अभ्यास केला. त्यांना आढळले की, फाशात गाभण हरिणी किंवा पाडस सापडले तर फासेपारधी ते सोडून देत असे. पोटात भूक असताना हातात आलेली शिकार सोडणे सोपे नाही. शिवरात्रीच्या कथेतला व्याध हरिणीच्या शब्दावर विश्वास ठेवून तिला पिलांकडे जाऊ देतो. ती कथा आपण मंदिरात ऐकतो. फासेपारधी ती माळावर जगत होता.

याच अभ्यासातून आणखी एक गोष्ट पुढे आली. एकाच प्रदेशात फिरणाऱ्या तीन जमातींनी शिकार आपसांत वाटून घेतली होती. नंदीवाले कुत्र्यांच्या साहाय्याने रानडुक्कर, साळिंदर, घोरपड अशा प्राण्यांमागे जात. वैदू सापळे लावून मुंगूस, रानमांजर असे लहान मांसभक्षक प्राणी धरीत. फासेपारधी काळवीट आणि पक्षी यांवर जगत. एकाच्या ताटात दुसऱ्याचा हात नाही. कोणत्याही सरकारने ही वाटणी केली नव्हती, कोणत्याही न्यायालयाने तिची अंमलबजावणी केली नव्हती. आज नैसर्गिक साधनसंपत्तीच्या समन्यायी वाटपावर परिषदा भरतात. त्या परिषदांना सांगण्यासारखे काहीतरी या तीन जमातींपाशी होते.

समाजाची सज्जता म्हणजे काय, याचे उत्तर येथे मिळते. संकट येण्यापूर्वी त्याची खूण ओळखणे, अल्प साधनांत काम भागवणे, वेळ येईपर्यंत धीर धरणे, मिळालेले वाटून घेणे आणि हातात सामर्थ्य असतानाही मर्यादा न ओलांडणे. पहिल्या तीन गोष्टी फासा शिकवतो, उरलेल्या दोन देवी शिकवते. श्रद्धेवाचून कौशल्य लोभी होते आणि कौशल्यावाचून श्रद्धा हतबल होते.

विद्येचा गुन्हा कसा झाला

१८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्यात माणसाने काय केले हा प्रश्नच उरला नाही. तो कोणाच्या पोटी जन्मला एवढे पुरेसे झाले. हजेरी, परवाने आणि काटेरी तारांच्या वसाहती. सोलापूरच्या सेटलमेंटची आठवण आजही त्या परिसरात जिवंत आहे. रानात मोकळे फिरणे हाच ज्याचा व्यवसाय, त्याला तारांच्या कुंपणात कोंडले. स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी, ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती त्या कायद्यातून मुक्त झाल्या. म्हणून त्यांना विमुक्त म्हणतात. कायदा गेला, पण पोलिसांच्या दप्तरातला आणि गावकऱ्यांच्या मनातला संशय गेला नाही.

१९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. तो आवश्यकच होता. काळविटांचे कळप माळावरून नाहीसे होत होते. त्यात बंदुका घेऊन जीपमधून हिंडणाऱ्या हौशी शिकाऱ्यांचा आणि नांगराखाली गेलेल्या गवताळ माळांचा वाटा पारध्याच्या फाशापेक्षा कितीतरी मोठा होता. पण बंदूकवाल्याची हौस गेली, पारध्याची भाकरी गेली. ज्याची भाकरी कायद्याने काढून घेतली, त्याच्या हाती दुसरे काय द्यायचे, याचा विचार त्या वेळी झाला नाही. मग त्याची विद्या ज्यांना हवी होती ते त्याच्यापर्यंत पोहोचले. वाघाच्या कातडीचा आणि हाडांचा चोरटा व्यापार करणाऱ्या टोळ्यांनी मध्य भारतातील काही पारध्यांना हाताशी धरले. २००९पर्यंत मध्य प्रदेशातील पन्ना अभयारण्यात एकही वाघ उरला नाही. बाहेरून वाघ आणून ते पुन्हा वसवावे लागले.

ही घटना झाकून ठेवण्याचे कारण नाही. तिच्यातून एकच निष्कर्ष निघतो. विद्या रिकामी राहत नाही. समाजाने तिला काम दिले नाही, तर चोर देतो. देवीची मर्यादा पाळणारा पारधी आणि व्यापाऱ्याच्या पैशासाठी वाघाला फास लावणारा पारधी यांच्या हातात कौशल्य एकच आहे. त्यांच्यामध्ये जो फरक पडला तो समाजाने साथ सोडल्यामुळे पडला.

इरुलांनी दाखवलेली वाट

चेन्नईच्या आसपासच्या चेंगलपट्टू, कांचीपुरम, तिरुवळ्ळूर या जिल्ह्यांत इरुला नावाची वनवासी जमात राहते. साप आणि उंदीर पकडण्यात तिचा हात धरणारा देशात कोणी नाही. मातीवरची फिकट रेघ, बिळाच्या तोंडाशी पडलेली कात, विष्ठा, एवढ्यावरून कोणता साप कोठे आहे हे इरुला सांगतो. कन्नियम्मा ही त्यांची देवी. तमिळ मासी महिन्याच्या पौर्णिमेला महाबलीपुरमच्या समुद्रकिनारी सारे इरुला जमतात, वाळूत देवीची पूजा मांडतात आणि तेथेच लग्नेही लागतात.

१९७०च्या दशकापर्यंत इरुला साप पकडून कातड्यांच्या व्यापाऱ्यांना विकीत. कायद्याने तो व्यापार बंद झाला आणि पारध्यांवर आला तोच प्रसंग इरुलांवरही आला. येथे मात्र वाट वेगळी निघाली. सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकाराने १९७८ साली इरुला सर्पपकड औद्योगिक सहकारी संस्था स्थापन झाली. साप मारायचा नाही, त्याचे विष काढून घ्यायचे आणि त्याला पुन्हा रानात सोडायचे, अशी ही योजना. वन्यजीव कायद्याच्या १२व्या कलमात जीव वाचवणाऱ्या औषधांसाठी सर्पविष गोळा करण्यास विशेष परवाना देण्याची तरतूद आहे. तिचा आधार घेऊन संस्था काम करते.

पद्धत सोपी आणि शिस्तीची आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार विषारी साप सभासद पकडून आणतात. मातीच्या मडक्यात, तोंडाला कापड बांधून त्यांना ठेवले जाते. साधारण तीन आठवड्यांत ठरावीक अंतराने विष काढले जाते. पोटाच्या खवल्यावर बारीक खूण करून साप सोडला जातो, म्हणजे तोच साप लगेच पुन्हा पकडला गेला तर ओळखता यावा. विष सुकवून त्याची भुकटी औषध कंपन्यांना दिली जाते. तेथे घोड्यांच्या रक्तातून प्रतिविष तयार होते. सापाच्या जातीनुसार सभासदाला मोबदला मिळतो आणि संस्थेचा मालक तो स्वतःच असतो. भारतात प्रतिविष बनवण्यासाठी लागणाऱ्या विषाचा बहुतांश पुरवठा कित्येक वर्षे याच एका संस्थेतून होत आला आहे. महाराष्ट्राच्या एखाद्या आरोग्य केंद्रात सर्पदंश झालेल्या शेतमजुराला जी कुपी टोचली जाते, तिच्यामागे कोणा इरुलाच्या उघड्या हाताचे कौशल्य असण्याची शक्यता फार मोठी आहे. त्याचे नाव कोणाला ठाऊक नसते.

इरुलांची दुसरी विद्या उंदरांची. शेतातले बीळ पाहून त्याला किती तोंडे आहेत हे तो ओळखतो, एक सोडून बाकीची बुजवतो आणि मडक्यातला धूर आत फुंकतो. उंदीर मिळतात, त्याबरोबर बिळात साठवलेले धान्यही मिळते. पण तोंडाने धूर फुंकताना ओठ आणि हात भाजत, छातीत धूर जाई. या शतकाच्या आरंभी मडक्याच्या जागी हाताने फिरवायच्या पंख्याचे लोखंडी साधन तयार झाले आणि हा त्रास कमी झाला. परंपरेची विद्या आणि आजचे यंत्र यांची सांगड कशी घालावी, याचा हा छोटासा पण उत्तम नमुना आहे. यंत्राने इरुलाला बाजूला सारले नाही, त्याचा हात वाचवला.

२०१७च्या जानेवारीत अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याने मासी सदय्यन आणि वडिवेल गोपाल या दोन इरुलांना मुद्दाम बोलावून घेतले. तेथील दलदलीत ब्रह्मी अजगरांनी उच्छाद मांडला होता आणि शोधूनही ते सापडत नव्हते. पहिल्या आठ दिवसांतच या दोघांनी तेरा अजगर पकडले. त्यात सोळा फुटांची एक मादी होती. इंग्रजी न येणाऱ्या, शाळेचे तोंड फारसे न पाहिलेल्या या दोन माणसांमागून विद्यापीठातले तज्ज्ञ शिकाऊ विद्यार्थ्यांसारखे चालले. २०२३ साली भारत सरकारने दोघांनाही पद्मश्री देऊन गौरवले. साप पकडणाऱ्याला राष्ट्रपती भवनात सन्मानाने पाचारण होते, ही गोष्ट प्रत्येक पारध्याच्या पालावर सांगितली गेली पाहिजे.

आपल्या गावांची गरज

आता आपल्या गावांकडे वळू. भारतातील सर्पदंशाच्या मृत्यूंचा एक मोठा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली. वर्षाला सरासरी ५८ हजार. निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले, आणि बहुतेक खेड्यांतले. मरणारा शेतात राबणारा असतो, जमिनीवर झोपणारा असतो. २०२४ साली केंद्र सरकारने सर्पदंशाविषयी राष्ट्रीय कृती आराखडा आणला आणि २०३०पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले. पण दिल्लीचा आराखडा गावात उतरायचा तर गावात माणूस लागतो.

तो माणूस गावाच्या कडेला आहे. पावसाळ्यापूर्वी घराभोवतीची बिळे, दगडांचे ढीग, सरपणाच्या मोळ्या तपासणे, पूर ओसरताना घरात शिरलेला साप ओळखून सुरक्षित बाहेर काढणे, कोठारातल्या उंदरांचा बंदोबस्त करणे (कारण उंदराच्या मागेच साप घरात येतो), विहिरीत पडलेल्या हरणाला बाहेर काढणे, उसात दिसलेला माग बिबट्याचा की तरसाचा हे सांगून गावातली भीती आवरणे, ही सारी कामे रानाची लिपी वाचणाऱ्याची आहेत. रानडुकरांसाठी शेताच्या बांधावर कोणीतरी चोरून लावलेल्या तारेच्या फाशात बिबट्याही अडकतो, गावातली गुरेही अडकतात. असा लपवलेला फासा शोधायला फासे मांडणाऱ्याइतका योग्य डोळा दुसऱ्या कोणाचा असणार?

असे प्रयत्न तुरळक का होईना, सुरू आहेत. पन्नाच्या परिसरात एके काळी शिकारीसाठी बदनाम झालेल्या पारध्यांतील तरुण आज पर्यटकांना पायी रान दाखवतात. विदर्भात ‘संवेदना’ ही संस्था फासेपारध्यांच्या सहभागाने गवताळ माळ आणि तणमोरासारखा दुर्मीळ पक्षी राखण्याचे काम करते. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांच्या पायांत कडी घालण्याचे काम अनेक वर्षे केले. त्यासाठी पक्षी इजा न होता पकडणारे हात तिला बिहारमधील मीरशिकारी या परंपरागत पक्षी पकडणाऱ्या समाजात मिळाले. तुळजापूरजवळ यमगरवाडी येथे पारधी आणि इतर भटक्या-विमुक्तांच्या मुलांसाठी शाळा उभी राहिली. चिंचवडच्या गुरुकुलात पुस्तकी शिक्षणाच्या जोडीला परंपरागत कौशल्यांना स्थान मिळाले. त्या कामासाठी गिरीश प्रभुणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. ही बीजे आहेत. त्यांचे शेत व्हायचे आहे.

विषाच्या बाबतीत तर गरज अधिकच तातडीची आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधनाने दाखवून दिले आहे की, एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशाप्रदेशात बदलते आणि एका भागातील विषापासून केलेले प्रतिविष दुसऱ्या भागात तितके प्रभावी ठरेलच असे नाही. मुंबईत हाफकिनसारखी प्रतिविषाची जुनी परंपरा असताना महाराष्ट्रातील घोणस-फुरशांचे विष महाराष्ट्रातच, येथल्याच सर्पज्ञ समाजांच्या सहकारी संस्थांकडून गोळा व्हावे, ही मागणी त्या समाजांवर उपकार म्हणून करण्याची गरज नाही. ती आपल्याच शेतकऱ्याच्या प्राणासाठी आहे.

सावधगिरीची चार पथ्ये

या मार्गात काही खड्डे आहेत आणि ते उघडपणे सांगितले पाहिजेत.

पहिले पथ्य कायद्याचे. विद्येचा गौरव म्हणजे शिकारीला परवानगी नव्हे. वन खात्याच्या परवानगीवाचून वन्य प्राण्याला हात लावणे हा गुन्हा आहे आणि तो तसाच राहिला पाहिजे. साप पकडून त्याच्याबरोबर छायाचित्रे काढणाऱ्यांची हौस हीसुद्धा विद्या नव्हे. तिच्यापायी तरुण मुले प्राणाला मुकली आहेत.

दुसरे पथ्य श्रद्धेचे. श्रद्धा मर्यादा शिकवते तोवर ती धर्म आहे. सर्पदंश झालेल्याला मांत्रिकाकडे नेऊन मोलाचा वेळ घालवणे किंवा जातपंचायतीपुढे निर्दोषपणा सिद्ध करण्यासाठी तापलेल्या तेलात हात घालायला लावणे, हे देवीला मान्य असणे शक्य नाही. विष उतरवण्याचा मार्ग एकच, दंश झालेल्याला धीर देऊन, अवयव हलू न देता तत्काळ रुग्णालयात पोहोचवणे. हे सांगण्याचे काम परंपरागत सर्पज्ञाने केले तर गाव जितके ऐकेल तितके कोणाच्या भित्तिपत्रकाने ऐकणार नाही.

तिसरे पथ्य मोबदल्याचे. संकटाच्या रात्री पालावर धावत जायचे आणि सकाळी त्याच माणसाला चोर म्हणायचे, हा व्यवहार आता पुरे झाला. कामाची मजुरी, ओळखपत्र, विमा आणि संस्थेत मालकी, एवढे इरुलांना मिळू शकते तर पारध्याला का नाही? इरुलांचाही अनुभव सांगतो की, परवान्याला उशीर झाला की चूल थंड पडते. म्हणून अशा संस्थेचा पाया केवळ एका कामावर असू नये.

चौथे पथ्य मुलांचे. पारध्याच्या मुलाने पारधीच राहावे, असे कोणी सुचवीत असेल तर तो पुन्हा जन्मावरून शिक्का मारतो. त्या मुलाला वैद्य, वन अधिकारी, प्राणिशास्त्रज्ञ होण्याचा तितकाच अधिकार आहे. फरक एवढाच की तो शाळेत येईल तेव्हा आजोबांची विद्या पालावर टाकून येण्याची त्याला लाज वाटू नये. त्याने ती दप्तरात घालून आणावी आणि शिक्षकाने ती वाचावी.

शेवटी

वेळ फार उरलेला नाही. ज्यांनी प्रत्यक्ष रान वाचले ती पिढी वृद्ध झाली आहे. त्यांचे नातू शहराच्या चौकात फुगे आणि गजरे विकत आहेत. आजोबांच्या डोळ्यांनी जे पाहिले ते कोणत्याही ग्रंथात लिहिलेले नाही. तो माणूस गेला की ते ज्ञान त्याच्याबरोबर जाते आणि मग कितीही निधी खर्चून ते परत आणता येत नाही.

म्हणून काम मोठ्या घोषणेने सुरू होण्याची गरज नाही. प्रत्येक तालुक्यात या विद्येचे जे थोडे जाणकार उरले असतील, त्यांची नोंद करावी. पावसाळ्यापूर्वी गावच्या शाळेत त्यांना सन्मानाने बोलवावे, खुर्चीवर बसवावे आणि मुलांना त्यांच्याकडून विषारी-बिनविषारी साप, माग आणि पक्ष्यांचे आवाज शिकू द्यावेत. आरोग्य केंद्राचे डॉक्टर आणि वन खात्याचे कर्मचारी त्यांच्या शेजारी बसावेत. गावाच्या आपत्ती समितीत त्यांचे नाव असावे. कौशिक ऋषी शिकण्यासाठी धर्मव्याधाच्या दुकानापर्यंत चालत गेला, याचा त्याला कमीपणा वाटला नाही. आपल्याला तर मिथिलेइतके दूर जायचेही नाही. पारध्याचे पाल गावाच्या वेशीलगतच आहे.